करुणाचा लॅपटॉप मी निवडला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — बहुतेक म्हणूनच जमतंय.

तसं माझं बरं चाललंय. गोंदियात एका कार्यालयात कंत्राटावर डेटा एन्ट्री करते. नवरा शांत स्वभावाचा, मुलगी कॉलेजात. संध्याकाळी गच्चीवर चहा घेऊन बसलं की वाटतं, आपल्याला काही कमी नाही. मग हे आता कशाला उकरायचं? मलाही नीटसं सांगता येणार नाही. पण सांगते.

आमच्या माहेरी, कामठ्याला, मी म्हणजे ‘कॉम्प्युटरवाली ताई’. कुणाचा स्कॉलरशिपचा अर्ज, कुणाचा बारावीचा निकाल, कुणाचं कागदावर नाव चुकलेलं — सगळे मला फोन करायचे. बाबा पाहुण्यांना माझी ओळख करून देताना आधी माझं काम सांगायचे, मग नाव. मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

करुणा माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची बायको. सालेकशाकडची. बारावी झालेली, पण लग्नानंतर भाताची रोवणी आणि बिड्या वळणं, एवढंच हाताला काम. एक दिवस तिचा फोन आला. गावातल्या बाया एका अर्जासाठी अख्खा दिवस मोडून गोंदियाला जातात, त्यापेक्षा आपणच घरी ते काम करावं, असं तिच्या मनात होतं. त्यासाठी साधा, स्वस्तातला लॅपटॉप हवा होता. अर्ज भरता यावेत, चार ओळी टाइप करता याव्यात, बस. मिलिंद तयार होता.

“ताई, तुमीच संग चला,” ती म्हणाली. “मले त्यातलं काही समजत नाही. तुमी म्हणाल तोच घेईन.”

तुम्ही म्हणाल तोच. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता ना? पण माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा — आता कामठ्याचे लोक मला फोन कशाला करतील?

आम्ही बाजारात गेलो. दुकानदारानं काम विचारलं आणि दोन लॅपटॉप समोर ठेवले. किंमत जवळपास सारखीच. एक मोठ्या स्क्रीनचा, चकचकीत निळा. दुसरा लहान, राखाडी, दिसायला अगदीच साधा. करुणा दोन्हींकडे हात न लावता बघत होती.

“दीदी, आपके बजट में ये दो हैं,” दुकानदार म्हणाला. “आप तो जानती हो, देख लो.”

मी दोन्हींवरचे कागद वाचले. निळ्यात रॅम कमी, आणि आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेणार. राखाडीत रॅम दुप्पट आणि एसएसडी — बटण दाबलं की कामाला तयार. रोजच्या साध्या कामासाठी कुठला घ्यावा, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ऑफिसात मी दोन्ही प्रकारच्या मशीनवर काम केलेलं.

मी निळ्यावर बोट ठेवलं. स्क्रीन मोठी आहे, डोळ्यांना त्रास होणार नाही, असं म्हणाले. करुणाचा चेहरा फुलला. तिलाही तोच दिसायला आवडला होता.

झालं. एवढंच. पण एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, थांबले नाही. पंधरा दिवसांनी त्याच दुकानात गेले आणि तो राखाडी लॅपटॉप स्वतःसाठी घेऊन आले. करुणा घरी यायची असली की मी तो कपाटात साड्यांखाली ठेवायची. एकदा तिनं पाहिलाच, तर म्हटलं, ऑफिसचा आहे.

त्यानंतर उन्हाळ्यात कामठ्याला गेले. करुणाच्या अंगणात दोन बाया बसल्या होत्या. लॅपटॉपवर ते चक्र गरागरा फिरत होतं. अर्ज अर्धा भरला की सगळं अडकायचं, पुन्हा पहिल्यापासून. थोड्या वेळानं एक बाई उठली, उद्या गोंदियालाच जाते म्हणाली आणि गेली. मग दुसरीही गेली. करुणा माझ्याकडे वळली.

“मशीन चांगली हाय, ताई. मीच ढ आहो. माह्या हाताले जमतच नाही.”

त्या क्षणी बोलता आलं असतं की नाही? दोन वाक्यं लागली असती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “येईल गं सवयीनं.” दुकानातल्यापेक्षा हे जास्त वाईट होतं, असं मला वाटतं. दुकानात मी तिच्या गळ्यात चुकीचं मशीन मारलं. इथे ती स्वतःला ढ म्हणत होती आणि मी तिला तसं म्हणू दिलं.

पुढे तिनं लॅपटॉप ओढणीत गुंडाळून पेटीत ठेवला आणि पुन्हा बिड्या वळायला बसली. आठ महिने. या आठ महिन्यांत गावातून मला फोन येत राहिले, आणि मी ते हसून घेत राहिले.

मग एक दिवस, मला न विचारता, ती एकटीच बसनं गोंदियाला आली आणि लॅपटॉप दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्यानं हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम वाढवली. तिथून ती थेट माझ्या घरी आली. खाली बसून लॅपटॉप उघडला, आणि तो खरंच पटकन सुरू झाला. तिचे डोळे भरले होते.

“मशीनच हळू होती, ताई. मी नव्हती.” मग म्हणाली, “दुरुस्तीवाला विचारून राहिला होता, हा कोणी घ्यायले लावला म्हणून. मी म्हणलं, मीनंच पसंत केला. तुमाले तरी कुठं माहीत होतं?”

मी म्हणाले, “नाही गं. मला काय माहीत.”

आज तिचं काम छान चाललंय. आसपासच्या गावांतल्या बाया तिच्याकडे येतात. घराच्या पुढच्या खोलीत टेबल आहे, प्रिंटर आहे. बाबा आता पाहुण्यांना तिची ओळख करून देतात, आणि — तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा — मला त्याचा आनंद होतो. मागच्या रविवारी मी तिथेच होते. ती अर्ज भरत होती, मी सगळ्यांसाठी चहा केला. एका बाईनं विचारलं, ह्या कोण? करुणानं मान वर न करता सांगितलं, “आमच्या ताई. पहिला लॅपटॉप यायनंच घेऊन देला.”

त्या बाईनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी कप पुढे केला.

मला माहीत होतं. दुकानात बोट ठेवलं तेव्हाही आणि त्या दिवशी माझ्या घरी ‘नाही गं’ म्हणाले तेव्हाही.