गुरुवारच्या गुलाबी चिठ्ठ्या

मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर दोनदा विचारलंत, आजी, आजोबांची निळी गाडी खाली का दिसत नाही. मी सांगितलं, सोसायटीत पार्किंगची अडचण झाली म्हणून विकली. ते खरं नव्हतं. फोनवर बोलताना आजोबा माझ्या शेजारी बसलेले असतात, त्यामुळे तिथे याहून जास्त बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी अजून बोट ठेवून वाचावं लागतं, तेव्हा जे जसं घडलं तसं ओळीने लिहीन.

आजोबा रबाळ्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. गाडी त्यांनी निवृत्तीच्या चार वर्षं आधी घेतली आणि पहिल्या दिवसापासून ती त्यांच्या एकट्याची होती. धुणारा माणूस कधी लावला नाही. दर रविवारी सकाळी बादली, दोन फडकी आणि जुना टूथब्रश घेऊन ते खाली जायचे आणि चाकांच्या फटीसुद्धा घासून यायचे. तुमच्या बाबांनी ती एकदाच चालवली. सारसोळ्याच्या सिग्नलपर्यंत आजोबा गप्प होते, मग म्हणाले, "क्लच म्हणजे काय पायरी आहे, पाय ठेवून बसायला?" तिथेच जागा बदलल्या आणि पुढच्या वीस वर्षांत त्यांनी बाबांना पुन्हा किल्ली दिली नाही.

कारखाना सुटला. मग सोसायटीच्या कमिटीत नवीन माणसं आली आणि यांनी राजीनामा दिला. मग कान गेले. मशीन आणलं, ते खोक्यातच पडून असतं. माझे गुडघे बिघडले आणि मला रिक्षात चढता येईना, तेव्हा मला आठवड्यातून एकदा व्यायामाच्या उपचाराला नेणं हे एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं. गुरुवारी सकाळी साडेनऊपासूनच ते बूट घालून बसायचे. आम्हाला निघायचं असायचं पावणेअकराला.

ते उपचार केंद्र एका नव्या इमारतीत आहे. समोर रस्त्यावर गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे दारात किल्ली व्हॅलेवाल्याकडे द्यायची आणि तो गाडी तळघरात नेऊन लावतो. पहिल्या दिवशी आजोबांनी किल्ली दिलीच नाही. मला दारात उतरवलं आणि सव्वा तास कुठल्याशा नाल्याच्या कडेला उन्हात गाडीत बसून राहिले. दुसऱ्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या आठवड्यात त्यांना चक्कर आली, तेव्हा मी म्हटलं, आता एक तर किल्ली द्या, नाही तर मी उपचार बंद करते.

व्हॅलेवाला पन्नाशीचा होता. उरणकडच्या गावातला, पूर्वी मिठागरावर काम केलेला. आजोबांनी त्याला दारातच उभं करून दहा मिनिटं शिकवणी घेतली. रिव्हर्स गिअर आधी किंचित खाली दाबून मग टाकायचा, हँडब्रेक तीन खटके, चौथा नाही. मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग आत डोकावला, समोरच्या काचेखाली ठेवलेला गणपती पाहिला, चपला काढून बाहेर ठेवल्या आणि अनवाणी आत बसला. आजोबा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "माणूस चांगला आहे." त्यानंतर किल्ली फक्त त्याच्याच हातात जायची. तो रजेवर असला की आम्ही घरी परत यायचो.

आता चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं. तिथे गाडी घेताना एक चिठ्ठी देतात. तिच्यावर वरून दिसणाऱ्या गाडीचं चित्र छापलेलं असतं. गाडीवर आधीच जिथे ओरखडा किंवा पोचा असेल तिथे व्हॅलेवाला पेनाने रेघ मारतो, म्हणजे नंतर भांडण नको. खाली कार्बन असतो. पांढरी प्रत त्यांची, गुलाबी प्रत लगेच आपल्या हातात. गाडी परत मिळाली की आपण ती पाहून घ्यायची आणि सही करायची. हे काम माझं होतं. मी काठी टेकत गाडीभोवती फिरायची, चित्र आणि गाडी जुळते का पाहायची आणि सही करायची. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरीपटांवर सह्या केल्या, तशीच. घरी आल्यावर चिठ्ठी तारखेप्रमाणे फाईलला लावायची. आजची चिठ्ठी आजच्या गाडीशी जुळली की माझं काम संपलं. मागच्या गुरुवारच्या चिठ्ठीशी ती ताडून पाहावी असं मला एकदाही सुचलं नाही.

पावसाळा संपता संपता एका रविवारी आजोबा धुण्याची बादली खाली टाकून वर आले. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर ओरखडा होता. फडक्याखाली हाताला लागला म्हणाले. पुढच्या दोन-तीन रविवारी आणखी सापडले, सगळे डावीकडेच. त्यांच्या मते प्रश्नच नव्हता. गाडीला हात लावणारी माणसं दोन, ते आणि व्हॅलेवाला. तळघरात खांब आहेत, तो घासतो आणि मग चिठ्ठीवर आधीचा ओरखडा म्हणून रेघ मारून ठेवतो. "चपला काढण्याचं नाटक," ते म्हणाले. मला ते पटलं असं नाही, पण मी वादही घातला नाही.

त्यांनी तक्रार लिहिली. पार्किंगचं कंत्राट घेतलेल्या माणसाने आम्हाला एका गुरुवारी तळमजल्यावरच्या खोलीत बोलावलं. व्हॅलेवालाही तिथे होता. त्याला बसायला सांगितलं नव्हतं. कंत्राटदार सभ्यपणे बोलला. पांढऱ्या प्रती महिन्याअखेरीस टाकून देतो म्हणाला, तुमच्याकडे काही आहे का? आजोबा खूश झाले. म्हणाले, आमच्या मॅडमकडे पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक चिठ्ठी आहे, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दाखव यांना."

मी फाईल उघडली. पहिल्या सहा चिठ्ठ्यांवर चित्र कोरं. सातवीवर डावीकडे मागच्या दारावर एक बारीक रेघ. नववीवर दोन. अकरावीवर पुढच्या दारावर एक लांब. मी पानं उलटत होते आणि तिसऱ्या रेघेपाशी माझा हात थांबला. या गुलाबी चिठ्ठ्या होत्या. गाडी त्याच्याकडे जाण्याआधी त्या माझ्या हातात पडायच्या आणि सव्वा तास माझ्या पर्समध्ये असायच्या. त्यावर नंतर कुणी रेघ मारू शकत नव्हतं. प्रत्येक नवा ओरखडा तो गाडीत बसायच्या आधीच गाडीवर होता. आणि गाडी परत देताना एकदाही एक ओरखडा वाढलेला नव्हता, प्रत्येक चिठ्ठीखाली माझी सही होती.

म्हणजे गाडी घासत होती ती आमच्याकडे. सोसायटीत परत आल्यावर ते मला लिफ्टपाशी उतरवायचे आणि मग खांबांच्या मधून आपल्या जागेवर एकटे गाडी न्यायचे. त्यांना ऐकू येत नाही. आणि गेले काही महिने ते ताटात डावीकडे वाढलेली चटणी पुन्हा मागत होते, ती ताटातच असायची.

हे सगळं मला तिथे, त्या खोलीत, दोन-तीन श्वासांत कळलं. चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या असत्या तर त्या माणसाची नोकरी राहिली असती आणि आजोबांची गाडी गेली असती. दोन परक्या माणसांसमोर, आजोबांनी स्वतः मागितलेल्या पुराव्याने.

व्हॅलेवाला म्हणाला, "काकी, तुमच्याकडं हायेत ना चिठ्ठ्या. वाचा ना तेवढ्या."

मी फाईल मिटली. म्हणाले, "यातल्या बऱ्याच सापडत नाहीत. यावरून काही सांगता येणार नाही."

आजोबा चकित होऊन माझ्याकडे पाहू लागले. माझ्या फाईलमध्ये कागद सापडत नाही असं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. कंत्राटदार म्हणाला, सोडून द्या, आम्ही माणूस बदलतो. त्याने तो बदलला. पुढच्या गुरुवारी दुसराच माणूस दारात होता.

मी स्वतःला सांगितलं की डोळे आधी तपासून घेऊ, मग बोलू. मग सांगितलं, दिवाळी होऊ दे. चार गुरुवार मी तशीच त्यांच्या शेजारी बसून गेले आणि सगळा वेळ डावीकडच्या स्कूटर बघत राहिले. खाली सोसायटीच्या वॉचमनला विचारलं, तर त्याने आम्हाला नेमून दिलेल्या जागेशेजारचा खांब दाखवला. कमरेएवढ्या उंचीवर निळे पट्टे होते. साहेबांना कसं सांगणार, म्हणून त्याने दोनदा त्यावर चुना मारला होता म्हणे.

नव्या माणसाच्या हाताखालीही ओरखडे वाढले, तेव्हा आजोबांनी दुसरी तक्रार लिहायला घेतली. त्या दुपारी मी फाईल त्यांच्यासमोर ठेवली. ते यंत्रांचे माणूस. त्यांनी चिठ्ठ्या सोडवून जेवणाच्या टेबलावर ओळीत लावल्या, चष्मा पुसला, पहिलीपासून शेवटचीपर्यंत गेले आणि पुन्हा पहिलीपासून. मग विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

मी म्हणाले, "त्या खोलीत."

चहा केला तो तसाच राहिला. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्यांनी किल्ली कपाटात ठेवली आणि कपाट बंद केलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ संपली होती, उजव्याची कडेकडून आत आकसत चालली होती. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, दिवसातून दोन वेळा थेंब. आजोबांनी एकच विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर? बाई म्हणाल्या, तर बरंच वाचलं असतं. त्यांना उगाच दिलासा द्यायची सवय नसावी.

मग आजोबांनी तक्रार मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. चूक माझी, माणूस निर्दोष, त्याला परत घ्यावं. मी ते स्वच्छ टाईप करून चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडल्या. उत्तर आलं नाही. मी जाऊन भेटले, तर कंत्राटदार म्हणाला की इथलं कंत्राटच त्यांच्याकडून जाणार आहे, तो जुन्या माणसाला कुठे घेणार. त्याच्याकडून व्हॅलेवाल्याचा नंबर तेवढा मिळाला.

गाडी विकायची ठरली होती. घेणारा ऐरोलीचा होता आणि गाडी त्याच्याकडे पोचवायची होती. आजोबांच्या मनात आलं की ती जुन्या व्हॅलेवाल्यानेच न्यावी. त्यांना त्याची माफी मागायची होती आणि ती नुसती तोंडाने मागता येईल असं त्यांना वाटत नव्हतं. किल्ली पुन्हा त्याच्या हातात द्यायची, एवढंच त्यांना सुचत होतं. मी फोन केला आणि आजोबांना ऐकू यावा म्हणून स्पीकर मोठा केला.

तो कंटेनरच्या गोदामात होता. मागे गाड्यांचा आवाज येत होता. त्याने काकांचे डोळे विचारले, माझे गुडघे विचारले. इथे रोजचं काम मिळेलच असं नाय म्हणाला, पन मिळतं. मग मी गाडीचं सांगितलं.

"नाय काकी," तो म्हणाला. "तुमची गाडी मी आता हातात घेनार नाय. वाटंत काय झालं तर परत माज्याच नावावर."

मी म्हणाले, तसं कसं होईल, आता सगळ्यांना सगळं माहीत आहे.

"तुमाला तवा बी म्हाईत होतं. मी तुमच्या तोंडाकडंच बगत होतो."

त्याचा आवाज चढला नव्हता. मग त्याने काकांना थेंब वेळेवर घालायला सांगा म्हणून फोन ठेवला.

"त्याचं बरोबर आहे," आजोबा म्हणाले.

दोन दिवसांनी घेणाऱ्याने स्वतःचा ड्रायव्हर पाठवला. आजोबा खाली गेले नाहीत. मी कागद, दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिसिंगची पुस्तिका दिली, ड्रायव्हरने सही केली. त्याला गिअरचं काही सांगावं असं मनात आलं, पण आजोबांनी तसं काही सांगितलं नव्हतं.

वर आले तेव्हा ते गॅलरीत कठडा धरून उभे होते. गाडी डाव्या बाजूच्या गेटमधून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. ते समोरच्या रस्त्याकडेच बघत राहिले. मी शेजारी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, इतका वेळ का लागतोय, चालू होत नाहीये का?

मी म्हणाले, गेली.