उतारावरचं तेल

बुधाजी गावंडने माझा पुढचा दात पाडला तो १९६३च्या जानेवारीत. मी एक बोल्ट अर्धा आवळला होता. त्याने पाना काढून घेतला, डाव्या हाताने ठोसा मारला आणि उजव्याने बोल्ट पुरा आवळला.

"आता कसा बसला बग," म्हणाला.

बोल्ट नीट बसला होता. मी रक्त थुंकलो आणि पुढच्या बोल्टकडे गेलो.

पनवेलच्या खाडीकाठी एका मिठागरातून बंदरापर्यंत पाऊण मैल रूळ होते. त्यावरून मिठाच्या ढकलगाड्या जायच्या. दोन माणसं मागून ढकलत. शेवटी बांधावरून धक्क्यापर्यंत शंभर हात उतार होता. तिथे एक माणूस गाडीच्या मागच्या फळीवर उभा राहून चाकावर लाकडी दांडा दाबायचा. तोच ब्रेक. १९४७ साली बुधाजीचा थोरला भाऊ काशिराम दांड्यावर होता. गाडी आवरली नाही. धक्क्याच्या खांबाला आपटून ती उलटली आणि तो मध्ये चिरडला. बुधाजीनेच पहार घालून गाडी रेटली आणि त्याला बाहेर काढलं. छाती वीतभर उरली नव्हती. दांडा मोडला असेल, असं सगळे म्हणाले. मालकाने रूळ सोडून दिले, मीठ लॉरीने जाऊ लागलं.

पुढची सोळा वर्षं बुधाजी माणसांना मारत आला. खाणीत, रस्त्याच्या कामावर, लग्नाच्या मांडवातही एकदा. कारण बहुतेक वेळा एकच. काम अर्धं सोडलेलं.

पनवेलला मोठी रेल्वे यायचं काम सुरू झालं, तेव्हा मिठागराच्या नव्या मालकाच्या मनात आलं की त्याआधी इथे आपली गाडी होती हे लोकांना दाखवावं. जुने रूळ उभे करायचे, मुंबईचे पाहुणे गाडीत बसवायचे, मिठागर दाखवायचं. काम मनासे आपटेकर या ओव्हरसियरना दिलं. शांत माणूस, टेप खिशात घेऊन फिरणारा. जुनी वाट पायाखालची असलेला एकच माणूस उरला होता, म्हणून त्यांनी बुधाजीला आणलं.

आम्ही बारा जण होतो. रूळ खाऱ्या चिखलात गुडघाभर खाली गेले होते. एक रूळ काढायला चौघं लागत, बुधाजी असला तर तिघं. गंजलेले बोल्ट घणाने तोडावे लागत. तसा एक बोल्ट तुटताना लोखंडाची कपची उडाली आणि आमच्यातल्या महादेवचा उजवा डोळा गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी त्याचा भाऊ आला. तीन महिने असंच चाललं. उतारावर बुधाजीने कोणाला हात लावू दिला नाही. तिथला प्रत्येक बोल्ट त्याचा. दांडाही त्याचाच, चिंचेचा, रात्रभर पाण्यात भिजवलेला.

आमचा मुकादम धर्मराज, मिठागरात जन्म गेलेला. मिठागरातल्या माणसाचा हात उघड्या लोखंडावर तेल लावल्याशिवाय राहत नाही. फावडं असो, कडी असो, करंजाचं तेल फिरलंच पाहिजे. नाही तर आठ दिवसांत गंज धरतो. पाहुणे यायच्या सकाळी धर्मराजने सगळे रूळ तेलाने पुसून घेतले. बुधाजी यायच्या आत उतारावरचेसुद्धा.

पहिल्या गाडीत सहा पाहुणे आणि सातवी रंभा, काशिरामची बायको. तिला मान द्यावा, असं मनासेसाहेबांनी सुचवलं होतं. गाडी मिठागराच्या टोकाकडून निघाली. बुधाजी दांडा घेऊन उताराच्या तोंडाशी थांबला होता. त्याने रूळ बघितले आणि वाकून बोट फिरवलं.

"तेल कोनी लावलं?"

"मी," धर्मराज म्हणाला. "लोखंड हाय. गंजू द्यायचं काय?"

"उतारावर? पूस. राख आन, वाळू आन. गाडी थांबव."

"पाव्हने बसलेत. आता कसली राख? मुकादमी तुला नाय दिली म्हनून पोटात दुखतंय काय रं?"

गाडी अजून पाव मैलावर होती. बुधाजी ओरडला, पण ढोल वाजत होते. तो गाडीकडे धावायला लागला तेव्हा धर्मराजने त्याला कमरेत धरलं आणि आम्हाला हाक मारली. आम्ही तिघं गेलो. मला माझा दात आठवला, मी त्याचा हात पिरगळला. त्याने डोकं मागे हाणून माझं नाक फोडलं. मग कमरेचा पाना काढून फिरवला. धर्मराजच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, त्याचा आवाज मी ऐकला.

सुटल्यावर बुधाजी गाडीकडे गेला नाही. ढोलांत तिथे कोणी ऐकणार नव्हतं, आणि पान्याच्या भीतीने आम्हीही त्याच्याजवळ गेलो नाही. उताराच्या अलीकडच्या जोडावर बसून त्याने बोल्ट सोडवले. चार बोल्ट, त्याने स्वतः आवळलेले. चौथा निघेना, तो बांधावर पडलेल्या घणाने तोडला. पहार घालून रूळ वीतभर सरकवला. ढकलणाऱ्यांना दिसेपर्यंत चाक खाली गेलं होतं. गाडी सपाटीवरच कलंडली, माणसं मिठाच्या चिखलात पडली. एकाचं मनगट मोडलं. रंभाचं कपाळ फुटलं.

मग सगळ्यांनी त्याला मारलं. बांबूने, लाथांनी. धर्मराजच्या पुतण्याने त्याचा उजवा पंजा रुळावर धरला आणि घण घातला. बुधाजी एकच बोलत होता, "रूल बगा. रूल बगा."

मनासेसाहेब धावत आले. त्यांनी रुळावर बोट फिरवलं, वास घेतला. मग मारणाऱ्यांना बाजूला केलं आणि गाडी उचलून जोडाच्या पुढे ठेवायला लावली. तिच्यात मिठाची सात पोती घातली. बुधाजीचाच दांडा चाकावर दोरीने घट्ट बांधला आणि गाडी उतारावर सोडली.

चाकं फिरतही नव्हती, नुसती घसरत होती. अर्ध्या उतारावर तिचा वेग घोड्यासारखा झाला. धक्क्याचा खांब मोडून ती खाडीत गेली.

रंभा पदराने कपाळ दाबून बुधाजीपुढे आली.

"भावजी, तुमाला कसं ठावं?"

तो पडल्या जागेवरून म्हणाला, "त्या साली मी गाडीच्या आसाला तेल लावलं. उरलं ते रुलाला फासलं, उतारावर. दादा खूश व्हईल म्हनून."

"तुमी?"

"मी. दांडा नाय मोडला, वयनी."

तिने शेजारचा बांबू उचलला आणि त्याला मारलं. अकरा फटके. मी मोजले, कारण दुसरीकडे बघता येत नव्हतं. मनासेसाहेबांनीही तिला अडवलं नाही. बुधाजीने हात आडवा केला नाही. मग ती थकली आणि तिथेच बसली.

बैलगाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. पंज्याची तीन बोटं काढावी लागली. धर्मराजने फिर्याद दिली नाही. खांदा बरा झाल्यावर त्याने स्वतः चार दिवस उतार वाळूने घासला.

खाडीतून काढलेली गाडी पुढे चार हिवाळे चालली. दांड्यावर बुधाजीच, डाव्या हाताने. कामात फरक नव्हता, मी शोधला होता. उतारावरचे रूळ तांबडे राहिले.

रंभा त्याच्याशी परत बोलली नाही. पण गाडी निघायच्या दिवशी ती सकाळी राखेची पाटी घेऊन यायची. शंभर हात उतार, दोन्ही रूळ, बसून पुसायची. संपल्यावर बोटं उन्हात धरून बघायची. बुधाजी वर दांडा दाबून उभा असायचा. गाडीतले लोक कंटाळायचे.

तिने हात वर केला की तो दांडा ढिला करायचा.