भरीत करणाऱ्याची भाकरी

नगरपालिकेच्या पोटनिवडणुकीत आमच्या भडगावच्या वॉर्डात तीन उमेदवार उभे होते आणि तिघांनीही आठवडाभरात भरीत-पुरीच्या पंगती घातल्या. भरीत मात्र तिन्हीकडे एकाच म्हाताऱ्याच्या हातचं होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर तो हिरवी वांगी भाजायचा, सालं काढायचा आणि लाकडी बडगीत ठेचायचा. मिरच्या किती घालायच्या, हे तो कुणालाच विचारायचा नाही, उमेदवारालासुद्धा नाही. पंगत बसली की हात धुऊन निंबाखाली जायचा आणि फडक्यात बांधून आणलेली घरची भाकरी कांद्यासोबत खायचा.

तिसऱ्या पंगतीला मला राहवलं नाही. पानावरून उठून मी त्याच्याकडे गेलो. "आबा, स्वतःच्या हातचं भरीत सोडून कोरडी भाकरी का खाता?"

तो हसला. "भाऊ, जेनं मीठ खादं, तेले मत देनं पडस. पंगती तीन शेतस, मत एकच शे."

माझ्या हातात तेव्हा चौथी पुरी होती. ती मी खाल्लीच. भरीत खरंच फक्कड झालं होतं.

मतदानाच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. आत गेला आणि लगेच बाहेर आला. मग मी गेलो. यंत्रावर तीन नावं होती आणि मला तिन्ही पंगती आठवत होत्या. शेवटी केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, आटपा. मागे रांग आहे."