खारबाव ते मुंबई: बाबांना संग्रहालय दाखवायला नेलं तेव्हा

या ब्लॉगवर मी आजवर गडांबद्दल आणि समुद्रकिनाऱ्यांबद्दल लिहिलं. या वेळी चढ नव्हता, की ट्रेकिंगचे बूट नव्हते. सोबत होते माझे बाबा. पक्षाघातानंतर गावच्या वेशीबाहेर पहिल्यांदाच, दवाखाना सोडून दुसरीकडे कुठेतरी.

बाबा भिवंडीजवळच्या राहनाळला एका गोदामात मुकादम होते. उजव्या हाताच्या इशाऱ्यावर अवजड ट्रक मागे घ्यायचे. पक्षाघाताने नेमका तोच हात गेला आणि बोलणंही जवळजवळ थांबलं. उरले मोजके शब्द. त्यातला ‘न्हाय’ सगळ्यात पक्का. जेवणार का, न्हाय. ओट्यावर बसणार का, न्हाय. भर उन्हाळ्यातही ते हातावर शाल पांघरून आतल्या खोलीत बसायचे. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. मग त्यांनी व्यायामही सोडला. वाचेचे उपचार आणि हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई काळजीत पडल्या, कारण असंच चाललं तर खांदा कायमचा आखडला असता. त्यांनीच सुचवलं, एखादं संग्रहालय दाखवून आणा. तिथे वस्तूचं नाव विचारू नका, परीक्षा घेऊ नका. फक्त शेजारी बसून बघा. चित्रं-मूर्तींसमोर बसल्यावर त्यांचे काही रुग्ण पुन्हा बोलते झाले होते, म्हणे.

मला पटलं. आईला अजिबात नाही. “माणूस आजारी, न त्याला भांडी-मूर्ती बघाया न्यायची?” एवढंच म्हणाली आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली. सोबत वालाचं बिरडं दिलं. बाबांना गिळायला त्रास होतो म्हणून वेगळा मऊ भात.

चुलतभाऊ नितीनने गाडी काढली. खारबावहून अंजूरफाट्यापर्यंतचा रस्ता अजूनही खड्ड्यांचाच आहे. रुग्ण सोबत असेल तर पाठीमागे उशी हवीच. पुढे मानकोलीला कंटेनरची रांग लागली होती. सकाळी लवकर निघालात तर हा नाका सुटसुटीत मिळतो, आम्ही उशीर केला. ठाणे ओलांडल्यावर मात्र गाडी सुसाट. मुंबईच्या वेशीवर लहान गाडीला टोल नाही, त्यामुळे खर्च म्हणजे पेट्रोल, पार्किंग आणि तिकिटं.

संग्रहालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या जवळचं कुठलंही चालेल. आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा: चाकाची खुर्ची आहे का, लिफ्ट सुरू आहे का, स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर आहे. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. आणि सगळं बघायचा हट्ट धरू नका. आम्ही दोनच दालनं पाहिली.

पहिलं दालन कापडांचं. मला वाटलं होतं, भिवंडीचा माणूस, कापड बघून खुलेल. बाबांनी पैठणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नितीन माझ्याकडे बघून हसला. मीही मनातून खट्टू झाले.

दुसऱ्या दालनात शिल्पं होती. दाराशेजारीच दगडाचा एक द्वारपाल उभा होता. रुंद छाती, जड दागिने, तोंडावर किंचित हसू. उजवा हात खांद्यापासून तुटलेला. मी खुर्ची पुढे ढकलणार, तोच बाबांनी डावा पाय जमिनीला टेकवून ती थांबवली. मी शेजारच्या बाकावर बसले. बाई म्हणाल्या होत्या तसं, काहीच विचारलं नाही.

थोड्या वेळाने एक घोळका आला. त्यातल्या एका गृहस्थाने गाइडला विचारलं, “टूटा हुआ क्यों रखा है?”

गाइड म्हणाला, “जितना मिला, उतना ही बहुत क़ीमती है, साहब. लोग दूर-दूर से इसी को देखने आते हैं.”

घोळका मोबाईलवर फोटो काढत राहिला. बाबा एकदा त्या लोकांकडे बघायचे, एकदा मूर्तीकडे. मग त्यांनी डाव्या हाताने शाल बाजूला केली, आखडलेला उजवा हात उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. चारचौघांत. मी मूर्तीकडेच बघत राहिले.

निघताना मी म्हटलं, “चला, बाबा?”

“न्हाय,” ते म्हणाले. इतक्या महिन्यांत या शब्दाचा मला पहिल्यांदाच आनंद झाला. आम्ही आणखी बराच वेळ तिथे बसलो. मग बागेत सावलीला बसून भाकरी खाल्ली आणि परतीला लागलो.

नीट सांगते, म्हणजे कोणी चुकीच्या आशेने निघणार नाही. हात बरा झालेला नाही. औषधं चालू आहेत, व्यायाम करावाच लागतो आणि हात दुखतोच. पण आता ते व्यायामाला ‘न्हाय’ म्हणत नाहीत. खांदा थोडा मोकळा होतोय, असं बाई सांगतात. दगडाच्या एका मूर्तीने घरातल्या आम्हा सगळ्यांना न जमलेलं काम केलं, याची मला खात्री आहे. डॉक्टरांना विचारा आणि तुमच्या माणसाला घेऊन जरूर जा.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर आईने पाणी देत सहज विचारलं, “काय बघून आलात?”

उत्तराची तिची अपेक्षा नव्हती. ती वळलीसुद्धा होती.

“मानूस,” बाबा म्हणाले. “दगडाचा.”

आई जागच्या जागी थांबली.

“हात न्हाय.”

ती चटकन खाली बघू लागली. ते स्वतःबद्दलच बोलतायत असं तिला वाटलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. पुढचा शब्द त्यांना सापडत नव्हता, ओठ नुसते हलत होते. आम्ही कोणीच मदत केली नाही.

“बाकी,” ते म्हणाले, आणि आईने वर बघेपर्यंत थांबले. “बाकी हाय.”