धुतलेलं, वाळवलेलं, तपासलेलं

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीवर टॉवेलाशेजारी दुधाच्या रिकाम्या पिशव्या चिमट्यांनी टांगलेल्या दिसल्या की खुशाल समजावं, हे तपासनीसांचं घर. नाव इमारतीने चेष्टेने ठेवलेलं, पण त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं माल तपासला होता. झाकण उजेडासमोर धरायचं, कडेवरून अंगठा फिरवायचा, पास किंवा नापास. त्यांच्या अंगठ्याखालून जेवढी झाकणं जगात गेली तेवढी वेचून आणायला सात जन्म पुरले नसते. पण निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच गृहस्थांना अचानक पृथ्वीची काळजी लागली आणि घराचा कारखाना झाला.

या कारखान्यात कामगार एकच होता, त्यांची बायको. तिने इस्पितळात एकतीस वर्षं रुग्णसेवा केली होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. रक्त, पू, ओकाऱ्या, काय म्हणून तिने निस्तरलं नव्हतं. निवृत्तीनंतर सकाळी उशिरा उठायचं, पाय वर करून वर्तमानपत्र वाचायचं, एवढाच तिचा बेत होता. त्याऐवजी भांडी घासून झाली की तिची दुसरी पाळी सुरू व्हायची. बिस्किटांचे खाचाखाचांचे ट्रे, दह्याचे डबे, शाम्पूच्या पुड्या, पावाच्या पिशव्या, सगळं साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून आतून-बाहेरून घासायचं. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, लोंबता ठेवायचा, कारण सुटा तुकडा हरवतो. एकदा तो तुकडा बेसिनच्या जाळीतून वाहून गेला, तेव्हा तपासनीस दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस बरे गेले.

वाळलेला माल मग साहेबांपुढे जाई. ते खिडकीशी खुर्ची टाकून बसत, चष्मा कपाळावर सरकवत, प्रत्येक डबा उजेडासमोर धरत आणि त्यात नाक खुपसून हुंगत. वास आला की नापास. नापास माल परत मोरीत. सिस्टरच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्यावर मलम लावलेल्या हाताने पिशवी धरली तर पिशवीला मलमाचा वास लागतो, म्हणून तीही नापास.

पास झालेल्या मालासाठी ते दुकानातून नव्याकोऱ्या पारदर्शक पिशव्यांची गुंडाळी आणत. हो, नव्या. प्लास्टिक कमी करण्यासाठी दर महिन्याला प्लास्टिक विकत घेणारा हा एकच माणूस सिस्टरने पाहिला होता. आतला माल बाहेरून स्वच्छ दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पिशवीच्या तोंडाला ते सुतळीच्या दोन गाठी मारत आणि गाठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे : धुतलेले, वाळवलेले, तपासलेले. खाली तारीख आणि सही. सही स्वतःची. धुतलं कुणी, हा प्रश्न चिठ्ठीला कधी पडला नाही.

कचरा वेगळा करणं चूक होतं असं नाही. सिस्टरला ते मनापासून पटत होतं. इस्पितळात तिने चार रंगांच्या डब्यांवर अख्खी हयात काढली होती. पण कुठलंही चांगलं काम या माणसाच्या तावडीत सापडलं की त्याचा छळ व्हायचा. ते किराणा दुकानात जात आणि गल्ल्यासमोर उभे राहून टूथपेस्टचं खोकं, साबणावरचं दुसरं वेष्टण, एकावर एक फुकट दिलेल्या डब्यांभोवतीची प्लास्टिकची चिकटपट्टी असं सगळं सोलून तिथेच ठेवत. वर दुकानदाराला सुनावत की मी साबण विकत घेतलाय, त्याचा अंगरखा नाही. मागे रांग खोळंबलेली असे. दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की आत गोदामात जाई.

इमारतीचे लोकही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. तोंडावर ते तपासनीसांना आदर्श नागरिक म्हणत आणि पाठ वळली की बाळाचे भरलेले डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या डब्याच्या तळाशी दडपत. सभेत टाळ्या वाजवायला सगळे हजर. तपासनीस मग काठीने त्यांचे डबे उचकत आणि कुणाच्या डब्यात काय सापडलं ते इमारतीच्या फलकावर लिहीत. सिस्टर ते सगळं बघत असे. मनातल्या मनात नवऱ्याला मूर्ख म्हणायचं आणि हाताने त्याची पिशवी धुवायची, ही तिला सवय झाली होती. तुच्छ मानायला कष्ट पडत नाहीत, भांडायला पडतात.

हे असंच चालत राहिलं असतं, पण चौदा महिन्यांपूर्वी त्यांचा सत्तरावा वाढदिवस आला. एकुलती एक मुलगी सात वर्षांच्या नातीला घेऊन आली. नातीने आजोबांसाठी स्वतः पसंत केलेलं टेबलावरचं घड्याळ आणलं होतं. घड्याळ तळहाताएवढं आणि खोकं उशीएवढं. खोक्यात खोकं, त्यात थर्माकोल, त्यात फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, त्यात आणखी एक पातळ पिशवी. आजोबांनी घड्याळ बाजूला ठेवलं, स्वयंपाकघरातून वजनकाटा मागवला आणि जमिनीवर पसरून एकेक वस्तू तोलली. घड्याळ दोनशे दहा ग्रॅम, वेष्टणं चारशे पन्नास. मग त्यांनी त्या पोरीला समोर उभं करून विचारलं की तू मला घड्याळ दिलंस की कचरा दिलास. पोरगी आधी हसली, तिला वाटलं गंमत आहे. मग तिचा ओठ थरथरायला लागला. ज्याचा कचरा त्याने न्यावा, असा निकाल लागला आणि ते सगळं वेष्टण मायलेकींबरोबर परत गेलं. त्या दिवसापासून मुलीने या घराची पायरी चढली नाही. फोनवर ती कामापुरतं बोले आणि नातीला फोन देत नसे.

सिस्टरला जगात आता एकच गोष्ट हवी होती. नात परत घरात यावी. पण तपासनीसांना फोन करा म्हटलं की ते म्हणत, मी तत्त्वाचं बोललो, त्यात माफी कसली. घड्याळ त्यांनी वापरायला काढलं होतं. ते वेळ बरोबर दाखवतं, असं प्रशस्तिपत्रही दिलं होतं.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या बायकांनी कचरा वर्गीकरण केंद्र बघायला जायचं ठरवलं. तपासनीस गेले नाहीत. ते लोक मला काय शिकवणार, असं म्हणाले. सिस्टर गेली. घराबाहेर पडायला तिला कुठलंही कारण चालत होतं. ती निघण्याआधीच सकाळची कचऱ्याची गाडी त्यांची पिशवी घेऊन गेली होती.

केंद्र म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. मधून एक रबरी पट्टा सरकत होता आणि दोन्ही बाजूंना हातमोजे घातलेल्या बायका उभ्या होत्या. बाटली दिसली की डावीकडे, डबा दिसला की उजवीकडे, नुसता हात चालत होता. मान वर करायला सवड नाही. पाहुण्या बायका नाकाला पदर आणि रुमाल लावून, किती छान, किती छान म्हणत होत्या. आणि तेवढ्यात पट्ट्यावरून सिस्टरला आपली पिशवी येताना दिसली. पारदर्शक, फुगीर, सुतळीच्या दोन गाठी, वर पुठ्ठ्याची चिठ्ठी. इतर घाणीत ती अगदी उठून दिसत होती. पहिल्या बाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. कोपराने ढकलल्यासारखं करून तिने ती मागच्या खड्ड्यात लोटली.

सिस्टरने मुकादमीणबाईला विचारलं, ती कुठे गेली.

"भट्टीत," मुकादमीण म्हणाली. "बांधलेली पिशवी आम्ही उघडत नाही, ताई. आत सुई असते, काच असते. एकीचं बोट गेलंय त्यात. आणि गाठी सोडत बसलो तर पट्टा थांबतोय होय आमच्यासाठी?"

"पण धुतलेलं असलं तर? वर चिठ्ठी असली तर?"

"वाचणार कोण? सुटं टाका म्हणावं."

सिस्टर तिथेच उभी राहिली. बांधलेली पिशवी उघडायची नाही, हा धडा तिने स्वतः एकतीस वर्षं नव्या पोरींना शिकवला होता. पहिल्याच दिवशी, पहिलाच धडा. आणि घरी नऊ वर्षं त्या गाठी डोळ्यांदेखत मारल्या जात होत्या, पण तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. नऊ वर्षांचं धुणं, हुंगणं, पास-नापास, सगळं सहीसकट जळून गेलं होतं. तिला आधी हसू फुटलं. परतीच्या बसमध्ये शेजारणीने विचारलं, काय झालं हो सिस्टर, तर तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढचे अकरा दिवस ती गप्प राहिली. खरं सांगायचं तर मजेत राहिली. मोरीत डबे घासताना समोर खिडकीशी बसलेल्या माणसाकडे बघायचं, त्याचं नाक दह्याच्या डब्यात गेलेलं बघायचं, आणि मनात म्हणायचं, हुंग बाबा, हुंग. इतकी चैन तिला कित्येक वर्षांत लाभली नव्हती. पण त्याहून मोठी गोष्ट तिने मनाशी राखून ठेवली होती. हा माणूस आयुष्यात कधी चुकला नव्हता, म्हणून कधी वाकला नव्हता. आता चूक हातात होती. ती नीट वेळ साधून समोर ठेवली तर तो खचेल, नरमेल आणि मुलीला फोन करेल, असा तिचा हिशेब होता.

बाराव्या दिवशी, सकाळच्या चहानंतर, तिने सगळं सांगितलं. पट्टा, कोपर, खड्डा, भट्टी. तपासनीसांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा खरंच उतरला. सिस्टरने क्षणभर आशा धरली.

"म्हणजे नऊ वर्षं फुकट गेली," ती म्हणाली. "माणसाचं चुकतं, अहो. आता तरी लेकीला फोन करा."

"चिठ्ठी असूनही?" त्यांनी विचारलं.

"चिठ्ठी असूनही."

ते दोरीवरच्या पिशव्या न्याहाळू लागले. मग उठले, ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि पाठ करून बसले. फोनचा विषय त्यांनी ऐकलाच नव्हता. दुपारी सिस्टर भाजी आणायला खाली उतरली तर फलकावर नवी सूचना लागलेली. 'पाहणीत असे आढळून आले आहे की काही रहिवासी पिशव्यांना गाठी मारतात. हे अत्यंत बेजबाबदार आहे. यापुढे गाठ मारलेली पिशवी परत केली जाईल.' खाली तारीख, सही. पहिल्या मजल्यावरचा शेजारी सूचना वाचून मान हलवत होता. तो सिस्टरला म्हणाला, काय बारीक नजर आहे हो साहेबांची.

सिस्टरला त्या दोघांचीही किळस आली. तिने भाजीची पिशवी तशीच खांद्याला ठेवली आणि मुलीच्या घराकडे जाणारी बस पकडली. पाऊण तासाच्या रस्त्यात तिने सगळी गोष्ट मनात जुळवली. भट्टीचं कसं सांगायचं, सूचनेतले 'काही रहिवासी' कसे शेवटी ठेवायचे. लेक खो खो हसेल. बाप असा उघडा पडलेला बघून तिचा राग निम्मा तरी उतरेल. निदान आई-लेकी एका बाजूला होतील.

मुलीने दार उघडलं. बाबांनी पाठवलं का, असं विचारलं. सिस्टर नाही म्हणाली आणि तिथेच, पायपुसण्यावर उभी राहून, सांगायला लागली. मुलगी एका हाताने दार धरून ऐकत होती. सूचनेपाशी आल्यावर सिस्टर स्वतःच हसली. मुलगी हसली नाही.

"बाबा मूर्ख आहेत, हे सांगायला तू एवढ्या लांब आलीस?" ती म्हणाली. "ते मला लहानपणापासून माहीत आहे गं आई. पण त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा बाबा खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. ते बोलले आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. तो थर्माकोल पिशवीत भरलास तू. तीन जिने धावत उतरून आमच्या मागे आलीस तू. तिला वाटलं आजी काहीतरी खाऊ घेऊन आली. तिने दोन्ही हात पुढे केले. त्या हातांत तू ती पिशवी ठेवलीस."

सिस्टरच्या डोळ्यांपुढे ते हात आले. वरून पुन्हा हाक येईल, दोन दिवस अबोला होईल, घरात पाय टाकवणार नाही, एवढंच त्या वेळी तिच्या डोक्यात होतं. पिशवी देऊन ती लगबगीने वर गेली होती. पोरीच्या तोंडाकडे तिने पाहिलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मीच दिली."

मुलगी पुढच्या वाक्यासाठी थांबली. ते तिला पाठ होतं : तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे, मी काय करणार. सिस्टरच्या ओठांवर ते आलंही असेल, पण तिने ते बाहेर पडू दिलं नाही. भाजीच्या पिशवीचा बंद तेवढा ती मुठीत घट्ट धरून राहिली.

आतल्या खोलीतून नातीने ओरडून विचारलं, आई, कोण आलंय.

 मुलगी दारातून बाजूला झाली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आत जा. कोण आलंय ते तूच सांग तिला."