गुरुवारी आष्टीला

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात आष्टीकडच्या एका गावात जनावरांना प्यायलाही पाणी उरलं नाही, तेव्हा सोसायटीनं माळावर चारा छावणी टाकली. सुग्रीव आपली बैलजोडी आणि गाय घेऊन तिथंच राहायला गेला. बायको, विमलबाई, सकाळी भाकरी घेऊन यायची, फडकं ठेवायची आणि एक शब्द न बोलता माघारी जायची. दारू सोड म्हणून बोलून बोलून तिचं तोंड दुखलं होतं.

छावणी सोसायटीचे चेअरमन राधाकिशनअप्पा चालवायचे. सांज झाली की सोसायटीच्या गोदामामागं त्यांच्या माणसांची बैठक बसायची. सुग्रीवच्या हाताला चव होती, म्हणून मटण तोच शिजवायचा आणि देशीचा पहिला ग्लासही त्यालाच मिळायचा. एकदा पोटात दुखतंय म्हणून तो मागं सरला, तर अप्पांचा उजवा हात त्रिंबक म्हणाला, "अप्पाच्या हातची न्हाई म्हणतो का बे? दावण कोणाच्या जागंत हाय तुझी?" सगळे हसले. सुग्रीवही हसला आणि प्याला. पहाटे हात थरथरायला लागले की गोदामामागच्या बाटल्यांचा तळ शोधावा लागायचा. गावाकडं जावं तर दावणीला पाणी नाही आणि इथं राहावं तर ही तऱ्हा. जनावरांच्या गळ्यात दावं होतं. आपल्या गळ्यात काय आहे ते त्याला कळत होतं, पण सुटत नव्हतं.

एका दुपारी तो उसाच्या वाढ्याच्या ढिगाआड पिऊन पडला होता. पाण्याचा टँकर येऊन गेला, त्याला शुद्ध नव्हती. तहानलेली गाय हौदाकडं ओढ घेता घेता दाव्यात गुरफटून पडली. शेजारच्या दावणीवरच्या कौशल्याबाईनं धावत येऊन विळ्यानं दावं तोडलं, म्हणून गाय वाचली. सुग्रीव उठून आला तेव्हा ती गाईच्या तोंडावर पाणी मारत होती.

"माझा मालक असाच गेला," ती मान वर न करता म्हणाली. "माझा भाऊ मातर सुटला. आष्टीला दर गुरुवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरती म्हणं. जा तू. जनावरं मी बघते."

गुरुवारी तो आष्टीला उतरला खरा, पण विचारायचं कसं? स्टँडवरच्या पानवाल्याला त्यानं आडून विचारलं, "इथं बैठक कुठं भरती हो?"

पानवाल्यानं समोरच्या परमिट रूमकडं बोट दाखवलं. "बैठक व्हय? तिथंच की. सकाळपासून चालू हाय."

सुग्रीव पायरीवर उभा राहिला. परत जायला एसटीला वेळ होता. तो आत गेला.

संध्याकाळी कौशल्याबाईला त्याच्या तोंडाचा वास आला. तरी पुढच्या गुरुवारी ती पुन्हा म्हणाली, "जा. जनावरं बघते."

या खेपेला त्यानं औषधाच्या दुकानात जाऊन सरळ विचारलं, "दारू सोडायची बैठक कुठं हाय?" आवाज नको तेवढा मोठा निघाला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. त्याचे कान तापले. दुकानदारानं मात्र शांतपणे बाजारामागच्या शाळेची वाट सांगितली.

वर्गात एक म्हातारा एकटाच बसला होता. समोर चार-पाच खुर्च्या गोल मांडलेल्या. आश्रुबा त्याचं नाव, शिंपीकाम करायचा.

"बाकीचे कवा येणार?" सुग्रीवनं दारातूनच विचारलं.

"बाकीचे पोटामागं पुण्याकडं गेले. सध्या मी एकलाच हाय."

"मग तुमी कावून येऊन बसता?"

"घरी बसलो तर पिईन," आश्रुबा म्हणाला. "ये. बस."

सुग्रीव बसला. आश्रुबानं स्वतःचं सांगितलं: गिऱ्हाइकानं शिवायला दिलेलं लग्नाचं कापड विकून कसा प्याला, लेकीनं कसं तोंड फिरवलं. उपदेश केला नाही. मग सुग्रीवनं गाईचं सांगितलं आणि सांगता सांगता त्याला रडू कोसळलं.

त्या सांजेला तो गोदामामागं गेला नाही. त्रिंबक बोलवायला आला. "मी न्हाई येत," सुग्रीव म्हणाला. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या माणसांनी त्याची दावण कडेला हलवली, जिथं सावलीची जाळी फाटली होती. भर उन्हात जनावरं धापा टाकायची आणि तो पोती ओली करून त्यांच्या पाठीवर टाकायचा. ते बघवेना, तसा एका सांजेला तो आपणहून मटण शिजवायला गेला आणि प्याला. गुरुवारी तसाच तोंडाला वास घेऊन शाळेत पोचला. आश्रुबानं खुर्ची पुढं सरकवली. "आलास, बरं झालं."

पाऊस लागल्यावर छावणी उठली. सुग्रीव गुरुवारी जात राहिला. कधी आणखी कोणी यायचं, कधी ते दोघंच असायचे. दारू सुटली. गाव मात्र तेच, सोसायटी तीच.

पुढं सोसायटीची निवडणूक लागली आणि अप्पांची जीप त्याच्या दारात थांबली. "सुग्रीव, जेवणावळी हायेत. चल की!" त्रिंबकची हाक आली. सुग्रीवच्या तोंडाला पाणी सुटलं; त्याचीच त्याला भीती वाटली. विमलबाईनं आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसली. तो तिच्यासमोर बसला. हॉर्न वाजत राहिला. जीप गेल्यावरही बराच वेळ दोघांपैकी कोणी कडी काढायला उठलं नाही.