गॅलरीतलं बंदर

पुण्याला समुद्र नाही, तरी एके दिवशी बंदरावरचं काम सदाशिव पेठेत, आमच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन दारात उभं राहिलं. मला इतका आनंद झाला की पोह्यांत मीठ दोनदा पडलं.

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी घरीच इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करते. वॉशिंग मशीनची, लिफ्टची. आमच्या ह्यांच्या मते हा बायकोचा वेळ घालवायचा उद्योग. काहीतरी अवाढव्य दुरुस्त करावं ही माझी जुनी हौस, पण अवाढव्य वस्तू दुसऱ्या मजल्यावर कोण आणणार?

आणली एका मेकॅनिकने. म्हणजे सगळी नव्हे. पहाटेच्या बसने तो बंदरावरून आला, तान्हं बाळ आणावं तशी एक पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत रीच स्टॅकरचं कार्ड, केबिनमधला छोटा स्क्रीन आणि कोन मोजणारा एक डबा. रीच स्टॅकर म्हणजे भरलेला कंटेनर लांबलचक लोखंडी हाताने उचलून दुसऱ्या कंटेनरवर ठेवणारी गाडी. हात किती कलला आहे हे डबा कार्डाला सांगतो. डबा गप्प झाला की गाडी उलटू नये म्हणून कार्ड हात जागच्या जागी थांबवतं. बंदरावरची ती गाडी अशीच मध्येच थांबत होती, कंटेनर हवेत लटकलेला ठेवून.

"उभ्या गाडीवर तपासलं की सगळं ओके," तो म्हणाला. "साहेब सगळं परदेशातून नवीन मागवणार होते. मी म्हटलं, पुण्यात होईल. तर हसले. म्हणाले, पुण्यात बंदर आहे का? झालं नाही ना मॅडम, तर तिथं माझं कुणी ऐकणार नाही. नुसते पाने पुसत बसायला लागेल."

पुण्यात बंदर आहे का! माझं डोकंच सणकलं. म्हटलं, दाखवतेच आता.

बुधवार पेठेतून आणलेला पॉवर सप्लाय लावला, तिन्ही वस्तू जोडल्या. टेबलावर सगळं शहाण्यासारखं वागलं. बिघाड पाहायचा तर गाडीचा हात हवा होता. तो कुठून आणायचा? मी गॅलरीत पाहिलं आणि टाळीच वाजवली. कपडे वाळत घालायची काठी! डबा सुतळीने काठीला करकचून बांधला, वायर खिडकीतून आत घेतली आणि शब्दकोडं सोडवत बसलेल्या ह्यांना हाक मारली.

"अहो, जरा ही काठी धरा. तुम्ही आता क्रेन आहात."

"वा. निवृत्तीनंतर बढती मिळाली."

मेकॅनिक आत स्क्रीनवरचा आकडा वाचणार, मी हुकूम सोडणार. वर घ्या. अजून वर. थांबा. हलवू नका हो! हे कुरकुरत काठी वर-खाली करत होते आणि आकडा काठीबरोबर इमानदारीत चढत-उतरत होता. समोरच्या गॅलरीतले काका चहा पीत पाहत होते. शेवटी त्यांच्याने राहवेना.

"झेंडावंदन सकाळी असतं," ते म्हणाले.

हसायला मला सवड नव्हती. काठी कितीही वेळा फिरवा, बिघाड काही दिसेना. मेकॅनिकचा आवाज बारीक होत गेला. मग त्याने आकडे वाचणं थांबवलं आणि रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला. मला त्याच्याकडे बघवेना.

"अगं, हात भरून आला," हे म्हणाले. "काठी थरथरायला लागली. ठेवू का खाली?"

मेकॅनिकने सवयीने स्क्रीनकडे पाहिलं आणि ओरडला, "मॅडम, गेला! आकडा गेला!"

"हलवा!" मी किंचाळले. "अहो, हलवा काठी!"

"आत्ता तर हलवू नका म्हणत होतीस!"

"आता हलवा!"

ह्यांनी रागारागाने काठी गदागदा हलवली. आकडा गेला, आला, पुन्हा गेला! बंदरावर त्यांनी उभ्या गाडीवर तपासलं, इथे मी काठी स्थिर धरायला लावली. पण गाडी काम करते ती खड्ड्यांतून हादरे खात. कार्ड ठणठणीत होतं, दुखणं डब्यात होतं. डबा उघडून भिंग लावलं, तर वायर जोडणाऱ्या सोल्डरच्या एका डागाभोवती केसाएवढी चीर. हादरा बसला की तेवढीच उघडायची. तो डाग नव्याने लावला, डबा पुन्हा पक्का बंद केला आणि ह्यांच्या हाती काठी दिली. त्यांनी कुणी न सांगता दुसऱ्या हाताने ती हलव हलव हलवली. आकडा जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिकचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन घेऊन गॅलरीत धावले, मागोमाग खांदा चोळत हे. फोनमध्ये पिवळीधमक गाडी, तिच्या हाताखाली भरलेला लाल कंटेनर, बाजूला हेल्मेट घातलेले साहेब. आज ते हसत नव्हते. कंटेनर जमिनीवरून सुटला. गाडी हेलकावत निघाली, एका खड्ड्यात दाणकन आदळली.

"वर," हे माझ्या कानाशी पुटपुटले. "अजून वर. अजून."

हात थांबला नाही. कंटेनर दुसऱ्या कंटेनरवर अलगद बसला. साहेबांनी मेकॅनिकच्या पाठीवर थाप मारली, फोन हिंदकळला आणि आतल्या ड्रायव्हरने भोंगा दाबला, लांबलचक. आमची अख्खी गल्ली दणाणली.

समोरचे काका तरातरा बाहेर आले. "दुपारच्या वेळी भोंगा कुणाचा हा?"

"माझा!" मी ओरडून सांगितलं.